उधारीची वही आणि ढगातील कपाट

जांबोटीच्या माणसास ढग म्हणजे काय हे सांगावयास नको. पावसाळ्यात ते आमच्या कौलांवर टेकलेलेच असतात, आणि पश्चिमेस कणकुंबीच्या डोंगरात त्यांच्याच पाण्यावर मलप्रभेचा उगम पोसला जातो. परंतु गेल्या काही वर्षांत हा शब्द इंग्रजी वेष घेऊन आमच्या पेढ्यांवर आणि दुकानांत शिरला आहे. वडील मंडळी वहीची काळजी करू लागली की घरातील मुलगा सांगतो, "अण्णा, सगळा हिशेब क्लाउडवर आहे, फोन फुटला तरी भिऊ नका." अण्णा समाधान पावतात. तो ढग कोणाचा, कोठे असतो, त्याच्या किल्ल्या कोणाकडे असतात, हे विचारण्याचे त्यांस सुचत नाही आणि मुलासही ते ठाऊक नसते. संघाच्या सभासद बंधुभगिनींपुढे हाच विषय शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडावा असा आमचा हेतू आहे.

ज्या प्रसंगामुळे हे लिहिण्याची बुद्धी झाली तो आमच्याच दुकानातील आहे, आणि त्यातील दोषही आमचाच आहे. जांबोटीपासून दोन कोसांवरील एका वाडीतील एक बाई आमच्याकडे अनेक वर्षे किराणा नेत असत. पावसाळ्यात उधारी व्हावी आणि सुगीला फिटावी, असा त्यांचा परिपाठ. दुकानात फोनवरील उधारीचे अ‍ॅप आले, तेव्हा मुलाने प्रत्येक खातेदाराचा फोन क्रमांक विचारून घेतला. बाईंजवळ फोन नव्हता. त्यांनी भोळेपणाने बेळगावास असलेल्या जावयाचा क्रमांक दिला. अ‍ॅपने आपले काम चोख केले. चार हजार तीनशे रुपयांची बाकी, दुकानाच्या नावासह, आठवण म्हणून जावयाच्या फोनवर जाऊन पडली. एकदा नव्हे, तीनदा. चौथ्या दिवशी बाई आल्या, सारी रक्कम रोख मोजून ठेवली आणि म्हणाल्या, "सावकार, वहीत होतं तवर ते तुमच्यात नि माझ्यात हुतं." एवढे बोलून त्या गेल्या. कोणी चोरी केली नव्हती, कोणी खोटे लिहिले नव्हते, बाकीचा आकडा पैपर्यंत बरोबर होता. तरीही एका मानी स्त्रीची लाज आम्ही तिच्या व्याह्यांच्या घरात नेऊन टाकली होती.

व्यापाऱ्यास गुप्ततेचे महत्त्व नव्याने शिकविण्याची गरज नाही. लाल बासनात बांधलेली खतावणी गादीजवळ असे, आणि दुसऱ्याच्या वहीत डोकावणे हे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावण्याइतकेच अशिष्ट मानले जाई. महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांनी नंदभाषा नावाची एक सांकेतिक बोलीच निर्माण केली होती. तीत पाचास मुळू आणि सातास पवित्र म्हणत, आणि समोर उभ्या गिऱ्हाइकास न कळता दोघे दुकानदार भाव बोलून घेत. रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरविण्याची करपल्लवी तर पुष्कळांच्या आजोबांनी स्वतः केलेली आहे. अर्थात त्या काळी सारेच शुद्ध होते असे म्हणावयाचे नाही. याच रुमालाखाली शेतकऱ्यास आपल्या मालाचा खरा भाव कळू न देण्याचे पापही घडले, आणि म्हणूनच बाजार समित्यांच्या कायद्यांनी उघड लिलावाचा आग्रह धरला. गुप्तता ही स्वतः पुण्य नव्हे. ती कोणाच्या रक्षणासाठी आहे, यावर तिची किंमत ठरते.

आपल्या शास्त्रकारांनी हा भेद फार बारकाईने पाहिला होता. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या लेखाबरोबरच रहोभ्याख्यान, न्यासापहार आणि साकारमंत्रभेद यांचीही गणना आहे. एकांतातील गोष्ट उघड करणे हे रहोभ्याख्यान. दुसऱ्याचा अभिप्राय त्याच्या हावभावावरून ओळखून तो फोडणे हा साकारमंत्रभेद. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, उघड केलेली गोष्ट खरी असली तरीही व्रतास दोष लागतोच. न्यासापहाराचे उदाहरण टीकाकारांनी दिले आहे तेही मार्मिक आहे : ठेव ठेवणारा आपली रक्कम विसरून कमी मागतो, आणि ठेव सांभाळणारा 'बरे, तेवढीच घे' म्हणून उरलेली गिळतो. मालकाच्या विस्मरणाचा लाभ घेणे ही चोरी नसली तरी चोरीची धाकटी बहीण आहे. आपला फोन क्रमांक कोणकोणास दिला हे ज्या गिऱ्हाइकास आठवत नाही, त्याच्या बाबतीत आज नेमके हेच घडत असते.

आता या ढगाचे खरे स्वरूप पाहू. क्लाउड आकाशात नाही. तो जमिनीवरील मोठमोठ्या इमारतींत, रात्रंदिवस थंड ठेवलेल्या संगणकांच्या रांगांत आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात, अ‍ॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि गुगलने २०१७ साली मुंबईतच आपली अशी केंद्रे सुरू केली. आमच्या दुकानातील फोनवर लिहिलेली चार ओळींची नोंद क्षणात अशा एखाद्या केंद्रात, किंवा परदेशातील त्याच्या भावंडात, जाऊन बसते. अ‍ॅप बनविणारी कंपनी निराळी आणि कपाट भाड्याने देणारी कंपनी निराळी, असेही बहुधा असते. म्हणजे आमची खतावणी आम्ही एका मुनिमाच्या हाती दिली आणि त्याने ती तिसऱ्याच्या वखारीत ठेविली.

वखारीस कुलूप असते, हे खरे. प्रश्न किल्लीचा आहे. पुष्कळ ठिकाणी माहिती सांकेतिक रूपात ठेविली जाते, पण तिची किल्ली कंपनीपाशीच असते. कंपनीस ती उघडता येते, आणि अधिकाराने मागणाऱ्यास उघडून देताही येते. काही ठिकाणी किल्ली केवळ ग्राहकाच्या हाती असते. तेथे कंपनीही आत पाहू शकत नाही, परंतु किल्ली हरवली तर माहितीही गेली. व्हॉट्सअ‍ॅपचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. एप्रिल २०१६ पासून त्यावरील संदेश पाठविणारा व घेणारा या दोघांनाच वाचता येतील अशी व्यवस्था झाली, आणि लोक निर्धास्त झाले. परंतु त्याच संदेशांची जी प्रत रोज रात्री गुगल किंवा अ‍ॅपलच्या कपाटात जाऊन पडे, तिला हे संरक्षण नव्हते. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिलाही कुलूप लावण्याची सोय झाली; मात्र ते कुलूप आपले आपणच सेटिंग्जमध्ये जाऊन लावावयाचे आहे. आमच्या ओळखीच्या दहा घरी आम्ही चौकशी केली. नऊ घरी ते लावलेले नव्हते, आणि दहावे घर आमचे होते. तेथे आदल्या रात्रीच लावले होते.

पुढारी दरवाजास कुलूप घालून परसदार उघडे ठेवणे म्हणतात ते हेच.

फोनच्या नोंदीची गोष्ट याहून निराळी आहे, आणि तिच्याविषयी गैरसमज फार. कॉल-नोंद म्हणजे संभाषणाचे ध्वनिमुद्रण नव्हे. कोणत्या क्रमांकावरून कोणत्या क्रमांकास, किती वाजता, किती वेळ फोन झाला, फोनयंत्राचा व सिमकार्डाचा क्रमांक कोणता, आणि त्या वेळी फोन कोणत्या मनोऱ्याशी जोडलेला होता, एवढे तीत असते. एवढ्याने काय कळणार, असे कोणी म्हणेल. निपाणीच्या एखाद्या व्यापाऱ्याची एका महिन्याची नोंद समोर ठेवा. तो माल कोणाकडून घेतो, कोणा दलालाशी सौद्याच्या आदल्या रात्री बोलतो, कोणत्या बँकेच्या वसुली खात्याचे फोन त्याला येऊ लागले आहेत, दर मंगळवारी कोणत्या रोगाच्या डॉक्टरकडे त्याचा फोन जातो, वकिलाशी बोलणे केव्हा सुरू झाले, हे एक शब्दही न ऐकता कळते. पोस्टमनने पत्र फोडले नाही, परंतु वर्षभरातील सारी पाकिटे टिपून ठेविली, असे समजावे. स्पर्धकाच्या हाती हा कागद गेला तर त्या व्यापाऱ्याची रोजकीर्द गेल्यासारखेच आहे.

मनोऱ्याच्या बाबतीत सीमाभागाचे एक वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. शहरात मनोरे जवळजवळ असल्याने माणूस कोणत्या वस्तीत होता हे बऱ्यापैकी समजते. जांबोटीहून चोर्ल्याकडे जाणाऱ्या रानात मनोरे विरळ. एकेका मनोऱ्याची हद्द कित्येक मैल पसरलेली. निपाणी ओलांडून कागलकडे निघालेल्या माणसाचे कर्नाटकात स्वागत की महाराष्ट्रात, हे त्याच्या फोनलाच कळेनासे होते. म्हणून अशा भागात 'अमुक माणूस अमुक घरी होता' असे केवळ मनोऱ्याच्या नोंदीवरून ठामपणे सांगणे धोक्याचे आहे. साक्षीस बोलाविलेल्या व्यापाऱ्याने ही गोष्ट आपल्या वकिलाच्या कानावर अवश्य घालावी.

दूरसंचार खात्याने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्या. तेव्हापासून कंपन्यांनी या नोंदी निदान दोन वर्षे जपून ठेवावयाच्या आहेत, पूर्वी ही मुदत एक वर्षाची होती. पोलीस व न्यायालये कायद्याने त्या मागवू शकतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९४ त्यासाठी आहे. २०१३ साली दिल्लीत एका मोठ्या राजकीय नेत्याच्या नोंदी बेकायदेशीरपणे मिळविल्याचे प्रकरण गाजले, तेव्हा अशी मागणी पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यामार्फतच व्हावी असे केंद्रीय गृहखात्याने ठरविले. तरीही चोरवाटा राहिल्याच. २०१८ च्या आरंभी ठाणे पोलिसांनी अशा नोंदी बेकायदेशीरपणे मिळवून विकल्याच्या आरोपावरून अनेक खाजगी गुप्तहेरांना अटक केली, तेव्हा संशयी पतिपत्नी आणि धंद्यातील प्रतिस्पर्धी अशा नोंदींसाठी पैसे मोजावयास तयार असतात, ही चर्चा वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोचली. विकत घेणारा असतो म्हणून विकणारा निपजतो. आपल्यापैकी कोणाच्या मनात भागीदाराविषयी संशय आला, तरी या बाजारात पाऊल टाकू नये.

प्रत्यक्ष संभाषण ऐकणे ही याहून गंभीर बाब होय. कर्नाटकाने तिचे राजकीय मोल पाहिले आहे : दूरध्वनी चोरून ऐकल्याच्या आरोपावरून मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये राजीनामा दिला. पुढे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये निर्णय दिला की, दूरध्वनीवरील खाजगी बोलणे हा माणसाच्या खाजगी जीवनाचा भाग आहे. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी काही असल्यावाचून, आणि गृहसचिवाच्या लेखी आज्ञेवाचून, ते ऐकता येणार नाही. व्यापाऱ्यांना विशेष जवळचा असा निकाल मात्र मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. एका सार्वजनिक बँकेच्या अधिकाऱ्यास लाच दिल्याच्या आरोपावरून मुंबईच्या एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याच्या तीन आज्ञा २००९ व २०१० मध्ये निघाल्या होत्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयाने त्या तिन्ही रद्द केल्या आणि मुद्रित संभाषणे नष्ट करावयास सांगितले. आरोप खरा की खोटा हा प्रश्नच तेथे नव्हता. सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात नसताना केवळ तपासाच्या सोयीसाठी फोन ऐकता येत नाही, हा मुद्दा होता. लाचेचे समर्थन कोणीही करणार नाही. पण सरकारने नियम मोडून गोळा केलेला पुरावा टिकत नाही, ही गोष्ट निरपराध माणसाच्याच अधिक उपयोगाची आहे.

नोंद उपकारकही ठरते. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूक खटल्यात अर्जुन खोतकर व कैलास गोरंट्याल यांच्या वादावर जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्याने संगणकीय पुराव्याबरोबर प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे पक्के झाले, आणि तपासात मागविलेल्या कॉल-नोंदी कंपन्यांनी वेगळ्या काढून सुरक्षित ठेवाव्यात अशी आज्ञाही झाली. खोट्या फिर्यादीतून सुटावयाचे तर हीच नोंद माणसाची साक्षीदार होते.

आता आयकराचा विषय, कारण सभासदांच्या मनात तो पहिल्यापासून असणारच. २०२५ साली संमत झालेल्या व १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरलेल्या नव्या आयकर कायद्यात, झडतीच्या प्रसंगी अधिकाऱ्यास ई-मेल, समाजमाध्यमे आणि क्लाउड यांपर्यंत पोहोचण्याचा, व संकेतशब्द न मिळाल्यास तो ओलांडण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. संगणकातील नोंदी पाहण्याचा अधिकार जुन्या कायद्यातही होता; आता क्षेत्र नावानिशी सांगितले गेले. सचोटीच्या व्यापाऱ्यास आपल्या हिशेबाची भीती नाही. परंतु ज्या कपाटात हिशेब आहे त्याच कपाटात घरच्या सुनेचे वैद्यकीय कागद, मुलीच्या विवाहाच्या बोलणीचा पत्रव्यवहार आणि दोनशे गिऱ्हाइकांची उधारीही आहे. धंद्याचे आणि घरचे कपाट निराळे ठेवण्याचा सल्ला आम्ही देतो तो लपविण्यासाठी नव्हे. दुकानाच्या झडतीत देवघर उघडावे लागू नये, इतकेच.

या सर्वांच्या मुळाशी २४ ऑगस्ट २०१७ चा निर्णय आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले की, खाजगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. त्यातून पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. त्या नियमांप्रमाणे व्यापाऱ्यांवरील मुख्य बंधने अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हावयाची आहेत. सरकारने स्वतःस व आपल्या काही यंत्रणांस या कायद्यातून मोठी सूट घेतली आहे, आणि ती आम्हांस पटत नाही. पण दुकानदाराने सरकारकडे बोट दाखवून आपला कोपरा अस्वच्छ ठेवावा असे नव्हे.

या कायद्यात दुसऱ्याची माहिती बाळगणाऱ्यास जो इंग्रजी शब्द योजिला आहे, तो 'फिड्युशियरी'. त्याचा अर्थ विश्वासाने सोपविलेले सांभाळणारा. आपल्या भाषेत न्यासधारी. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची न्यासाची कल्पना राजपत्रातून परत आली, असे म्हणावयास हरकत नाही. आणि हा न्यासधारी म्हणजे केवळ मोठी कंपनी नव्हे. ज्याने गिऱ्हाइकाचे नाव, क्रमांक व बाकी फोनवर लिहिली तो जांबोटीचा दुकानदारही तोच. कागदी वही या कायद्याच्या बाहेर आहे. पण तिच्या पानाचे छायाचित्र फोनवर घेतले की ती आत आली. अ‍ॅपच्या कंपनीकडून माहिती फुटली तरी गिऱ्हाइकापुढे जबाबदार आपणच, कारण मुनीम आपण नेमला. माहिती फुटल्यास ज्याची फुटली त्याला आणि केंद्रीय मंडळाला कळवावयाचे आहे; मंडळास सविस्तर वृत्तान्त बहात्तर तासांत. सुरक्षिततेत कुचराई झाल्यास दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये आहे. हा आकडा वाचून कोणी घाबरू नये. तो मोठ्या कंपन्यांस डोळ्यांपुढे ठेवून घातलेला आहे, आणि लहान व्यापाऱ्याच्या बाबतीत अपराधाचे स्वरूप व परिणाम पाहूनच दंड ठरावयाचा आहे.

आम्ही आमच्या दुकानात काय बदलले ते थोडक्यात सांगतो. आठवणीचे आपोआप जाणारे संदेश बंद केले. बाकी मागावयाची ती तोंडाने, आणि ज्याची त्यालाच. जावयाचा, शेजाऱ्याचा, सरपंचाचा क्रमांक खात्यास लावणे सोडले. अ‍ॅपला फोनमधील सारे क्रमांक आणि कॉल-नोंदी पाहण्याची जी परवानगी आम्ही न वाचताच दिली होती, ती काढून घेतली. हिशेब लिहिण्यास तिची काहीच गरज नव्हती. कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सना तर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच असे क्रमांक, छायाचित्रे व कॉल-नोंदी पाहण्यास मनाई केली; कारण कर्जदाराच्या नातलगांना फोन करून त्याची बेअब्रू करण्याचा धंदा तेव्हा जोरात चालला होता. आमचे अ‍ॅप कर्जाचे नव्हते, पण आमच्या हातून झाले ते याच जातीचे. खात्यास दुहेरी कुलूप लावले, म्हणजे संकेतशब्दाबरोबर दुसरी खूण मागितली जाते. जुना फोन विकण्यापूर्वी त्यातून बाहेर पडून तो कोरा करण्याचे मुलास बजावले. बंद केलेला क्रमांक पुढे दुसऱ्यास मिळू शकतो. ९० दिवसांपर्यंत तो कोणास देत नाहीत असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितले. तेवढ्या अवधीत बँक, अ‍ॅप व व्हॉट्सअ‍ॅप यांतून जुना क्रमांक काढून टाकावा, नाहीतर आपल्या कपाटाची किल्ली अनोळखी माणसाच्या खिशात जाते.

फोनातून खाते पुसले म्हणजे ते ढगातून पुसले जातेच असे नाही, हेही आम्हांस उशिरा कळले. कंपनीस लेखी कळवावे लागले, उत्तर यावयास तीन आठवडे गेले, आणि त्या उत्तरात 'नोंदी यथावकाश काढल्या जातील' एवढेच होते. ते यथावकाश कधी येईल याची आम्ही वाट पाहत आहोत.

गेल्या दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी त्या बाईंचे खाते कागदावर उतरविले, 'बाकी नाही' असे लिहून खाली सही केली, आणि तो उतारा घेऊन मुलगा वाडीवर गेला. घडलेली चूक त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितली. बाईंनी उतारा घडी करून देव्हाऱ्यात ठेविला, त्यास चहा व पोहे दिले, पावसाची व भाताची चौकशी झाली. किराणा मात्र त्या अजूनही दुसरीकडूनच नेतात.